एसएमए : मुलांच्या हालचालींना गुण कसे देतात? हैदराबादला तपासणीसाठी जाणाऱ्या पालकांना माहीत हवं असं सगळं

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी म्हणजेच एसएमए हा आजार 2021 साली घराघरात पोहोचला तो एका आकड्यामुळे. तो आकडा होता 16 कोटी रुपयांचा. त्या वर्षी मुंबई, पुणे आणि हैदराबाद इथल्या चिमुकल्यांसाठी लोकवर्गणी गोळा झाली, परदेशातून इंजेक्शन आलं आणि त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. पण ज्या घरात हा आजार आहे, तिथं रोजच्या जगण्यात महत्त्वाचे आकडे वेगळेच असतात. 64 पैकी किती? 66 पैकी किती? मागच्या वेळेपेक्षा किती कमी, किती जास्त?

हे गुण म्हणजे मुलाच्या हातापायांची, मानेची आणि पाठीची ताकद मोजण्याची पद्धत. औषध सुरू करायचं का, सुरू असलेलं लागू पडतंय का, सरकारी मदतीच्या अर्जाला काय जोडायचं, हे बऱ्याच अंशी या गुणांवर ठरतं. नांदेड, देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, बीदर, भालकी, आदिलाबाद, बोधन या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांना मोठ्या तपासणीसाठी हैदराबाद जवळ पडतं. फिजिओथेरपिस्ट गादीवर मुलाला बसवून, वळवून, हात उचलायला लावून कागदावर आकडे लिहितात, तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं ते समजून घेऊ.

आजार नेमका काय आहे?

आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. स्नायूंना ‘हल’ असा निरोप देणाऱ्या चेतापेशी तिथं असतात. या पेशी जिवंत राहण्यासाठी एसएमएन नावाचं प्रथिन लागतं. ते तयार करणारा एसएमएन-1 हा जनुक पाचव्या गुणसूत्रावर असतो. आई आणि वडील दोघांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर पेशी हळूहळू मरतात, निरोप पोहोचत नाही आणि स्नायू रोडावत जातात. बुद्धीला धक्का लागत नाही. मूल हसतं, ओळखतं, बोलतं, अभ्यासात हुशार असतं, पण अंगात बळ नसतं.

साधारण 10 हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेले वाहक मात्र खूप आहेत, दर 40 ते 60 माणसांमागे एक. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर अशा आजारांचा धोका वाढतो. पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही एसएमए होतो, कारण वाहकच इतके आहेत. त्यामुळं सुनेच्या माथी दोष मारण्यात काही अर्थ नाही. जनुक दोन्हीकडून आलेला असतो.

एसएमएन-2 नावाचा एक जुळा जनुकही बहुतेकांत असतो. तो थोडंसंच कामाचं प्रथिन बनवतो. त्याच्या प्रती जास्त असतील तर आजार सहसा सौम्य असतो. म्हणूनच जनुक तपासणीच्या अहवालात ‘एसएमएन-2 च्या प्रती’ असा आकडा दिलेला असतो. हा कागद कधी हरवू नये.

प्रकार ठरतो तो हालचालीवरून

एसएमएचे प्रकार मुलाने गाठलेल्या टप्प्यांवरून पाडले गेले. पहिल्या प्रकारात लक्षणं सहा महिन्यांच्या आत दिसतात आणि उपचाराविना बाळ कधीच आधाराशिवाय बसत नाही. दुसऱ्या प्रकारात मूल बसतं, पण स्वतःच्या बळावर चालत नाही. तिसऱ्या प्रकारात मूल चालायला लागतं, पुढं कधी कधी ते चालणं सुटतं. चौथा प्रकार मोठेपणी सुरू होतो. जन्माआधीच सुरू होणारा अतिशय गंभीर असा शून्य प्रकारही आहे.

आपल्याकडं आजी-आजोबा जे विचारतात तेच इथं मोजलं जातं. मान धरली का? पालथं पडतं का? बसतं का? रांगतं का? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास करून 2006 मध्ये वयाच्या मर्यादा दिल्या. त्यानुसार आधाराशिवाय बसणं साधारण 3.8 ते 9.2 महिन्यांत आणि स्वतःहून चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत येतं. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ असं म्हणून वाट पाहत बसण्याआधी या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. बाळ अंगानं ढिलं आहे, रडण्याचा आवाज बारीक आहे, श्वास घेताना छाती आत जाते आणि फक्त पोट हलतं, जीभ थरथरते, पण नजर मात्र चुणचुणीत आहे, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञाला लगेच दाखवावं. या आजारात गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. उपचार जितका लवकर, तितकी ताकद जास्त वाचते.

लहान बाळांसाठी : 64 गुणांची चाचणी

अगदी लहान किंवा फार अशक्त बाळांसाठी ‘चॉप इंटेंड’ ही चाचणी वापरतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयाच्या नावावरून तिचं नाव पडलं. तिच्यात 16 कृती आहेत. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 64.

बाळाला घट्ट गादीवर, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून निजवतात. हातपाय आपोआप किती हलतात, मूठ किती घट्ट धरतं, खेळणं दाखवल्यावर डोकं मधोमध ठेवतं का, पाय धरून वळवलं तर अंग वळवतं का, उचलताना मान सावरतं का, हे पाहिलं जातं. बोलून काही करायला लावायची गरज नसते, म्हणून ती तान्ह्या बाळांना चालते.

बाळ भुकेलं, झोपाळलेलं किंवा तापलेलं असेल तर गुण खरे येत नाहीत. शेवटचं दूध केव्हा पाजलं याची नोंदही चाचणीच्या कागदावर केली जाते, ती म्हणूनच. उपचार न झालेल्या पहिल्या प्रकारच्या बाळांचे गुण क्वचितच 40 च्या वर जातात. त्यामुळं औषधानंतर 40 ओलांडणं ही डॉक्टरांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट असते.

याच वयासाठी ‘हाइन-2’ ही लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात तयार झालेल्या तपासणीचा दुसरा भाग आहे. मान, बसणं, पकडणं, पाय झाडणं, वळणं, रांगणं, उभं राहणं, चालणं असे आठ टप्पे आणि एकूण 26 गुण. चॉप इंटेंड बारीकसा फरक पकडते, तर हाइन-2 मोठा टप्पा गाठला का ते सांगते.

बसणाऱ्या आणि चालणाऱ्या मुलांसाठी : 66 गुण

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या मुलांच्या अहवालावर बहुतेक वेळा ‘एचएफएमएसई’ असं लिहिलेलं असतं. ही हॅमरस्मिथ चाचणीची वाढवलेली आवृत्ती. मूळ चाचणीत 20 कृती होत्या, पण चांगलं चालणारी मुलं त्यात पूर्ण गुण मिळवायची आणि पुढचा फरक दिसायचा नाही. म्हणून आणखी 13 कृती जोडल्या गेल्या. आता 33 कृती, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 66.

आधाराशिवाय बसणं, बसून एक हात डोक्याला लावणं, मग दोन्ही हात, निजलेल्या स्थितीतून कुशीवर वळणं, उठून बसणं, कोपरांवर अंग तोलणं, रांगणं, उभं राहणं, पावलं टाकणं, गुडघ्यावरून उठणं, उडी मारणं, जिना चढणं-उतरणं अशा क्रमानं अवघडपणा वाढत जातो. स्वतःच्या बळावर नीट केलं तर 2, थोडी मदत किंवा वेगळी पद्धत लागली तर 1, जमलं नाही तर 0. पट्टे, बूट, कमरेचा आधार हे सगळं काढून चाचणी घेतात. म्हणजे घरी पट्टे लावून उभं राहणारं मूल इथं उभं राहिलं नाही, तरी ताकद गेली असा अर्थ होत नाही.

हातांची चाचणी : जगण्यातला खरा फरक

चाकाच्या खुर्चीवर असलेल्या मुलाला किंवा तरुणाला कधी कधी 66 पैकी चार-पाचच गुण मिळतात. वर्षभर औषध घेऊनही तो आकडा हलत नाही, कारण चाचणीतल्या अनेक कृती उभं राहण्याच्या, चालण्याच्या आहेत. याला तळाला टेकणं म्हणता येईल. पट्टीच त्या जागी मोजू शकत नाही. अशा रुग्णांसाठी ‘आरयूएलएम’ ही फक्त हातांची चाचणी असते. अडीच वर्षांपासून पुढं ती घेता येते आणि एकूण गुण 37 असतात.

तिच्यातल्या कृती पाहिल्या की तिचं मोल कळतं. मांडीवरचे हात टेबलावर आणणं, छोट्या चकत्या उचलणं, पेन्सिलीनं रेघ गिरवणं, बटण दाबून दिवा लावणं, कागद फाडणं, डब्याचं झाकण उघडणं, पेला तोंडाशी नेणं, वजन उचलून ठेवणं. स्वतःच्या हातानं घास खाता येणं, मोबाईल चालवता येणं, परीक्षेचा पेपर लिहिता येणं, विजेवरच्या खुर्चीची कांडी फिरवता येणं हे याच हालचालींवर अवलंबून आहे. मोठ्या वयाच्या रुग्णाला फक्त 66 वाली चाचणी केली असेल, तर ‘हातांची चाचणीही घ्याल का?’ असं पालकांनी विचारायला काहीच हरकत नाही.

चालणाऱ्या रुग्णांसाठी सहा मिनिटांची चाल असते. ठरावीक अंतरावर येरझाऱ्या घालायच्या आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले ते मोजायचं. एसएमएमध्ये पहिल्या मिनिटापेक्षा शेवटच्या मिनिटाला वेग कमी झालेला दिसतो. हा थकवा इतर चाचण्यांत दिसत नाही. फ्रान्समध्ये तयार झालेली ‘एमएफएम-32’ ही चाचणीही वापरात आहे. तिच्यात 32 कृती असून निकाल बहुधा टक्क्यांत देतात. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. 66 पैकी 30 आणि 64 पैकी 30 यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

दोन-तीन गुणांनी काय होतं?

बरंच काही होतं. नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2016 मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या अभ्यासात 2 ते 12 वर्षांच्या 126 मुलांची 15 महिने तपासणी झाली. औषध मिळालेल्या मुलांचे एचएफएमएसई गुण सरासरी 3.9 नं वाढले, औषध न मिळालेल्यांचे 1 नं घटले. तान्ह्या बाळांच्या अभ्यासात हाइन-2 मध्ये ठरवलेली प्रगती औषध मिळालेल्यांपैकी 51 टक्के बाळांनी केली, दुसऱ्या गटात एकानेही नाही.

रिस्डिप्लाम हे तोंडानं घ्यायचं औषध 2 ते 25 वर्षांच्या 180 रुग्णांवर तपासलं गेलं. वर्षभरानंतर एमएफएम-32 मध्ये औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी 1.36 नं वाढले, न घेणाऱ्यांचे 0.19 नं घटले. आकडे लहान दिसतात. पण हा आजार एका जागी थांबत नाही. उपचार नसताना साधारण पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत गुण उतरत जातात. म्हणून वर्षभर गुण तेवढेच राहिले तर तोही फायदाच आहे. एचएफएमएसईमध्ये 3 गुणांचा बदल हा सहसा अर्थपूर्ण मानला जातो. एक-दोन गुणांची चढउतार दिवसाच्या थकव्यानंही होऊ शकते.

‘वाढ नाही, म्हणजे औषध फुकट गेलं’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढून औषध बंद करणं धोक्याचं आहे. असा निर्णय एका चाचणीवरून नव्हे, तर ओळीनं दोन-तीन चाचण्या, श्वास, गिळणं आणि वजन हे सगळं पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आताच हे का महत्त्वाचं झालं?

याचं एक मोठं कारण हैदराबादमध्येच आहे. रिस्डिप्लामचं मूळ औषध रोश कंपनीचं, 2021 पासून भारतात मिळणारं. त्याच्या एका बाटलीची किंमत सुमारे 6 लाख रुपये होती. हैदराबादच्या नॅटको फार्मानं तेच औषध बनवायची तयारी केली आणि पेटंटचा वाद कोर्टात गेला. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये नॅटकोला रोखायला नकार दिला. 9 ऑक्टोबर 2025 ला खंडपीठानं तो निर्णय कायम ठेवला आणि 17 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोनं बाटलीची किंमत 15,900 रुपये जाहीर केली.

हिशेब सोपा आहे. एका बाटलीत 60 मिलिग्रॅम औषध असतं. 20 किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या रुग्णाला रोज 5 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे बाटली 12 दिवस पुरते आणि वर्षाला साधारण 30 बाटल्या होतात. जुन्या दरानं हा खर्च 1 कोटी 80 लाखांच्या घरात जायचा. नव्या दरानं तो 4 लाख 77 हजार होतो. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घराला हाही झेपणारा नाही. पण दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातली 50 लाखांपर्यंतची मदत जुन्या दरात आठ बाटल्यांत संपत होती, नव्या दरात तीच दहा वर्षं पुरू शकते. औषध इतकी वर्षं घ्यायचं म्हटलं की ते लागू पडतंय का, हे ठरावीक काळानं मोजत राहावंच लागतं.

हैदराबादमध्ये कुठं?

2021 च्या या धोरणात देशभरात सुरुवातीला आठ उत्कृष्टता केंद्रं ठरवली गेली. हैदराबादमध्ये उप्पलची सीडीएफडी ही जनुक संशोधन संस्था आणि पंजागुट्ट्याचं निझाम्स इन्स्टिट्यूट म्हणजेच ‘निम्स’ मिळून एक केंद्र आहे. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम आहे. एसएमए या धोरणाच्या तिसऱ्या गटात येतो. रुग्णानं आपल्या जवळच्या केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यावी, असं धोरणात म्हटलं आहे. मदतीची रक्कम रुग्णाच्या हातात न देता केंद्राकडं जाते. नांदेडच्या माणसाला मुंबईच्या निम्म्या अंतरावर हैदराबाद आहे, हे इथं उपयोगी पडतं. जाण्याआधी फोन करून बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि लागणारी कागदपत्रं विचारून घ्यावीत.

जाताना ही तयारी करा

आधी विश्रांती. रात्रीच्या गाडीनं जाऊन सकाळी थेट रांगेत उभं राहिलं तर थकलेलं मूल हमखास कमी गुण मिळवतं. जमत असेल तर आदल्या दिवशी पोहोचावं किंवा दुपारची वेळ मागावी. नुकताच ताप, खोकला, न्यूमोनिया होऊन गेला असेल तर तसं आधीच सांगावं.

भाषा. तिथं तेलुगू, हिंदी, इंग्रजी बोललं जातं. ‘कुशीवर वळ’, ‘हात डोक्याला लाव’ हे मुलाला कळलंच नाही तर गुण जाईल तो भाषेमुळं, ताकदीमुळं नव्हे. आई-वडिलांनी सूचना मराठीतून सांगायची परवानगी मागावी. फक्त हात लावून मदत करू नये, तसं केलं तर चाचणी बिघडते. घरीच आधी खेळात हे शब्द मुलाच्या कानावर घालावेत.

मागचे गुण. एकूण बेरीज पुरत नाही. कृतीनिहाय पूर्ण तक्ता मागून घ्यावा आणि मोबाईलवर त्याचा फोटो ठेवावा. बेरीज तेवढीच राहून हातांचे गुण वाढलेले आणि पायांचे घटलेले असू शकतात. चाचणीचं नाव, तारीख, कोणी घेतली हेही लिहिलेलं हवं. शक्यतो दर वेळी एकाच फिजिओथेरपिस्टकडून चाचणी व्हावी. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार सर्वसाधारणपणे दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते.

घरचे व्हिडिओ. जेवताना, अंघोळ घालताना, खेळताना मूल काय करतं याचे छोटे व्हिडिओ महिन्यातून एकदा, तारखेसह काढावेत. अनोळखी खोलीत मूल बुजतं, घरी मात्र सहज वळतं. डॉक्टरांना दोन्ही दिसलेलं बरं.

सांधे आणि पाठ. कोपर, गुडघे आखडले किंवा पाठ वाकडी झाली तर ताकद असूनही कृती जमत नाही आणि गुण पडतात. म्हणून रोजचा व्यायाम, सांधे ताणणं, बसण्याची योग्य पद्धत आणि पट्टे औषधाइतकेच गरजेचे आहेत. हे काम हैदराबादला नव्हे, गावातच रोज करावं लागतं. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टनं ते तिथल्या तज्ज्ञांकडून लिहून घेऊन पुढं चालवावं.

गुण सांगत नाहीत त्या गोष्टी

गादीवरच्या चाचणीत रात्रीचा श्वास दिसत नाही, खोकल्याची ताकद दिसत नाही, घास अडकतो का तेही कळत नाही. हे वेगळं तपासून घ्यावं लागतं. मूल किती वेळ न थकता शाळेत बसतं, स्वतः कूस बदलतं की आईला रात्रीतून पाच वेळा उठावं लागतं, हेही कोणत्या बेरजेत येत नाही. डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. आईची झोप दोन तासांनी वाढली, तर ती मुलाच्या ताकदीचीही खबर असू शकते.

घरात एसएमएचं एक मूल असेल आणि पुढच्या बाळाचा विचार असेल, तर आधी जनुक सल्ला घ्यावा. आजाराचा जनुक दोष माहीत असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात वारेच्या नमुन्यावरून तपासणी करता येते. म्हणूनच पहिल्या मुलाचा जनुक अहवाल जपून ठेवायचा.

(ही माहिती वाचकांना विषय समजावा यासाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं.)